चंद्र एक, ईद दोन

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या घरी शीरखुर्म्याचे पातेले उतरले, तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे थोरल्या भावाच्या घरी तिसावा रोजा चालू होता. चाँदच्या गवाहीवरून गावातल्या दोन मशिदींचे जमले नव्हते. वाटी घेऊन निघालेली आमची धाकटी दारातूनच परत फिरली. नगर जिल्ह्यातल्या वाचकांना असा प्रसंग नवा नसावा.

त्या आठवड्यात वर्गात एका मुलीने विचारले, "अल्लाह एक, रसूल एक, किताब एक, मग फिरके कुठून येतात?" उत्तरासाठी आम्ही तिला आपल्या आधीच्या उम्मतीकडे, बनी इस्राईलकडे नेले.

हे नाव कुरआनच्या सतराव्या सूरेमुळे आपल्या ओळखीचे. पण याच नावाचे लोक आपल्या कोकणातही राहत आले आहेत. अलिबाग-रेवदंड्याच्या गावांतून ते तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. भाषा मराठी. (तो चौल-रेवदंड्याचा मुलूख एकेकाळी आमच्या नगरच्या निजामशाहीशी जोडलेला होता.) पूर्वजांचे जहाज नवगावजवळ फुटले आणि सात जोडपी वाचली, असे ते सांगतात. खतना, शनिवार, खाण्यातले हराम-हलाल, एकेश्वराची ग्वाही देणारा 'शमा' एवढे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. वर्षातून एक दिवस दारे लावून रोजा धरत, तो दरफाळणीचा सण. मात्र हनुका हा यहुद्यांचा सण त्यांना ठाऊक नव्हता. शत्रूने विटाळलेले जेरुसलेमचे मंदिर इ.स.पू. 164 मध्ये पुन्हा शुद्ध केले, त्याची ती आठवण. तेव्हा पूर्वज त्याआधीच निघाले असावेत, असा काहींचा तर्क. सगळ्या अभ्यासकांना तो पटत नाही. पटला, तर मात्र हे लोक घरातले मोठे भांडण सुरू होण्याआधीच बाहेर पडले म्हणायचे.

कारण भांडण त्यानंतरच पेटले. मंदिर मिळवून देणाऱ्या घराण्यातल्या योनाथानने इ.स.पू. 152 मध्ये प्रमुख पुरोहिताचे पद घेतले, तेही परक्या राजाच्या हातून. ते पद हजरत सुलैमान (अ.) यांच्या काळातल्या सादोकच्या वंशाकडे असावे, असे अनेकांचे म्हणणे होते. इतिहासकार जोसेफस याच योनाथानच्या काळाविषयी लिहिताना परूशी, सदूकी आणि एसेनी या तीन गटांचा प्रथम उल्लेख करतो. देव एकच आहे, यावर तिघांत वाद नव्हता. वाद होता तो पद कोणाचे, तोंडी चालत आलेली परंपरा मानायची की नाही, आणि मेल्यानंतर पुन्हा उठायचे आहे की नाही, यावर. सदूकी शेवटच्या दोन्ही गोष्टी नाकारत.

1947 मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत जुन्या गुंडाळ्या सापडू लागल्या. त्यांतल्या एका पत्रात, आम्ही लोकांपासून वेगळे का झालो, याची कारणे दिली आहेत. वाचताना आम्हाला आपल्याच मसल्यांच्या किताबांची आठवण झाली. एक मसला असा: पाक भांड्यातून नापाक भांड्यात पाणी ओतले, तर धारेवरून नापाकी वर चढते का? आणि तारखेचा वाद. त्या गटाचे वर्ष 364 दिवसांचे, बरोबर 52 आठवड्यांचे. इतरांचे महिने चंद्रावर. मग सण एका दिवशी येणार कसे? दुसऱ्या एका गुंडाळीत तक्रार आहे की, आमचे गुरू प्रायश्चित्ताचा रोजा धरून होते, त्याच दिवशी दुष्ट पुरोहित चालून आला. त्याच्या हिशेबाने तो दिवस बहुधा रोजाचा नव्हताच. आणि हा रोजा म्हणजे कोकणातल्या मंडळींची तीच दरफाळणी. त्यांना हा वाद ठाऊक नव्हता, तरी त्यांच्यातही पुढे गोरे आणि काळे असे दोन भाग पडले. प्रार्थना एक, पण काळ्यांशी सोयरीक नाही. मुलीने विचारले, "म्हणजे वाद बाहेरून आणावा लागत नाही?" आम्ही फळ्याकडे वळलो.

इ.स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडले. त्यानंतरचा एक प्रसंग मिश्ना या ग्रंथात आहे. दोघांनी चाँद पाहिल्याची गवाही दिली, पण दुसऱ्या रात्री चंद्र दिसलाच नाही. प्रमुख गमलिएल यांनी तरीही गवाही मानली. विद्वान यहोशुआ यांनी मानली नाही. गमलिएल यांनी निरोप धाडला: तुमच्या हिशेबाने जो रोजाचा दिवस, त्या दिवशी काठी आणि पैसे घेऊन माझ्याकडे या. रोजाच्या दिवशी पैशाला हात लावणे निषिद्ध. यहोशुआ फार कष्टी झाले, तरी गेले. गमलिएल उठून उभे राहिले, त्यांच्या मस्तकाचे चुंबन घेतले आणि त्यांना आपले गुरू म्हटले, आणि आपले शिष्यही.

परवा भावाला हा किस्सा सांगितला. भाभी शेवया निवडत होत्या, त्याही थांबून ऐकत राहिल्या. भाऊ हसून म्हणाला, "मग पैशाची पिशवी घेऊन कोणी कोणाकडे जायचे?"

रमजानला अजून चार महिने आहेत.