अंगकोरवट पाहताना

देवळात पर्यटक म्हणून जावे का, यावर कंबोडियाला निघण्याआधी आमच्या घरात दोन दिवस चर्चा चालली. अम्मीच शेवटी म्हणाल्या, "पूजेला थोडेच जातोय? बघायला जातोय."

अंगकोरवट १२ व्या शतकात राजा दुसरा सूर्यवर्मन याने विष्णूसाठी बांधले. पुढे ते बौद्धांचे झाले. म्हणून भिंतीवर समुद्रमंथन आणि आत बुद्धमूर्ती. मंथनाचा कोरीव पट सुमारे ४९ मीटर लांब आहे, पाय दुखले तरी नजर हटत नाही. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, हा तिथला नियम. बरेच पर्यटक अडले, आमच्या मुली सरळ आत! प्रार्थनेला बसलेल्यांचे फोटो मात्र काढू दिले नाहीत. आपल्या मशिदीत कोणी काढले तर चालेल का?

जुहरला सिएम रीप शहरातल्या मशिदीत गेलो. इथले बहुतेक मुसलमान चाम जमातीचे. १९७५ ते १९७९ या पोल पॉटच्या राजवटीत चाम लोकांची कत्तल झाली, मशिदी पाडल्या गेल्या. बौद्ध भिक्खूंनाही सोडले नाही. चीवरे उतरवायला लावली, कित्येकांना ठार केले. देवळात दिसलेले भिक्खू आणि आमच्या सफेतले नमाजी, दोघेही त्यातून वाचलेल्यांची लेकरे-नातवंडे.

जाणार असाल तर पहाटेच निघा. वरच्या मजल्याच्या पायऱ्या फार उभ्या आहेत. अम्मी खालीच सावलीत बसल्या.