आधी माती, मग आराखडा

पडीक जागेवर उद्यान करायचे ठरले की आपल्याकडे निविदेत पहिल्यांदा येतात त्या बाबी ठरलेल्या असतात: प्रवेशद्वार, पेव्हर ब्लॉक, कारंजे, हिरवळ, विद्युत रोषणाई. खाली काय गाडलेले आहे, ही बाब बहुधा नसतेच. तांबड्या मातीचा एक थर पसरला की जागा तयार झाली असे मानले जाते, आणि दोन पावसाळ्यांत झाडे माना टाकू लागली की खापर माळ्यावर फुटते.

धारावीजवळ, मिठी नदीच्या काठी असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. सुमारे 37 एकरांची ही जागा म्हणजे मुंबईची जुनी कचराभूमी. तिथे कचरा टाकणे 1977 च्या सुमारास थांबले. पहिले रोप 1983 मध्ये डॉ. सालिम अली यांच्या हस्ते लागले आणि उद्यान 1994 मध्ये लोकांसाठी खुले झाले. आजच्या कामाच्या वेळापत्रकात इतकी वर्षे मागण्याची आपली हिंमत होणार नाही, हे मान्य. पण कचऱ्याच्या भरावाला घाई चालत नाही. तो वर्षानुवर्षे कुजत राहतो, कुठे हातभर तर कुठे वीतभर खचतो. त्यातून निघणारा मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड मुळांभोवतालचा प्राणवायू हुसकून लावतात. वरून टवटवीत दिसणारे रोप खाली गुदमरत असते. मालाडच्या बंद कचराभूमीवर उभ्या राहिलेल्या कार्यालयांत संगणकांचे भाग जमिनीतल्या वायूंनी गंजत असल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. जिथे धातू टिकत नाही, तिथे कोवळ्या मुळाकडून आपण काय अपेक्षा ठेवतो?

कारखान्याच्या जागेचे दुखणे वेगळे. सिएटल शहरात तळ्याकाठी 1906 पासून 1956 पर्यंत गॅसनिर्मितीचा कारखाना चालला. आधी कोळसा, पुढे तेल. आणि जमिनीत मुरलेले डांबर. रिचर्ड हाग या भूदृश्यरचनाकाराकडे ही जागा आली, तेव्हा सगळे उखडून नवी माती आणण्याचा सोपा मार्ग त्यांनी घेतला नाही. सांडपाण्याचा गाळ, लाकडाचा भुसा, पालापाचोळा जमिनीत खोल नांगरून त्यांनी सूक्ष्मजीवांना कामाला लावले. राडारोड्याचा ढीग चिकणमातीने झाकून त्याची टेकडी केली. तिच्यावर आज मुले पतंग उडवतात. गंजलेले मनोरे तसेच ठेवले, यंत्रघरात मुलांच्या खेळाची जागा झाली. उद्यान 1975 मध्ये खुले झाले. धाडस म्हणून हे काम मला फार मोठे वाटते, पण त्याची दुसरी बाजूही शिकवताना सांगायला हवी. 1984 मध्ये मातीतल्या प्रदूषणाच्या तपासणीसाठी हे उद्यान काही काळ बंद ठेवावे लागले, आणि तिथल्या तळ्यात उतरायला आजही मनाई आहे. सूक्ष्मजीव पुष्कळ करतात, सगळे करत नाहीत.

म्हणून आपल्या सभासदांना एक आग्रहाची विनंती. आराखड्याचे शुल्क ठरवताना माती परीक्षण ही स्वतंत्र बाब म्हणून लिहून घ्या. दोन-चार ठिकाणचा वरवरचा नमुना नको. भरावाच्या तळापर्यंत जाणारे खड्डे, शिसे व इतर जड धातू, तेलकट द्रव्ये, वायूचे मोजमाप आणि भूजलाची पातळी, सगळे हवे. लहान मुले माती हातात घेतात, तोंडातही घालतात. खेळाची जागा कुठे असावी हे अहवाल हातात आल्यावरच ठरवा. ग्राहक पालिका असेल तर देखभालीचे कंत्राट लावणीच्या कंत्राटातच किमान तीन वर्षांसाठी बांधून घ्या. लावणारा एक आणि जगवणारा दुसरा असला की मेलेल्या झाडाची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. आणि शेजारच्या वस्तीतल्या जुन्या माणसांशी बोला. कोणत्या कोपऱ्यात रसायनांची पिंपे पडत, पाणी कुठे तुंबे, हे त्यांना ठाऊक असते. कोणत्याही सर्वेक्षणाच्या नकाशात ते सापडत नाही.

पुढील अंकांत भरावाच्या जमिनीवरील लावणीचे एक सदर सुरू करत आहोत. कोणत्या जाती जगल्या यापेक्षा कोणत्या मेल्या, किती खोलीवर आणि कितव्या पावसाळ्यात, याच्या नोंदी आम्हाला हव्या आहेत. फसलेल्या लावणीचे छायाचित्रही पाठवा. जागेचे नाव नको असेल तर न देता छापू.