लँकफर्ड यांची दोन मते

अमेरिकी सिनेटच्या दप्तरात ७ फेब्रुवारी २०२४ या तारखेला ओक्लाहोमाचे रिपब्लिकन सिनेटर जेम्स लँकफर्ड यांच्या नावापुढे ‘हो’ असे नोंदले आहे. २३ मे २०२४ ला त्यांच्याच नावापुढे ‘नाही’ आहे. विषय दोन्ही वेळी तोच. मेक्सिको सीमेवरील बंदोबस्त कडक करणारे विधेयक. ते चार महिने खपून तयार केले होते खुद्द लँकफर्ड यांनीच. स्वतः बेतलेले विधेयक स्वतःच पाडायला मदत करणारे लोकप्रतिनिधी विरळाच. तरीही त्यांना धरसोड वृत्तीचे ठरवून मोकळे होण्याची घाई नको. लँकफर्ड बदलले की त्यांच्या मताचा उपयोग बदलला, हे आधी पाहिले पाहिजे.

सुरुवात २०२३ च्या अखेरीस झाली. अध्यक्ष जो बायडेन यांना युक्रेनसाठी पैसा हवा होता. रिपब्लिकन सिनेटर म्हणाले, आधी आपली सीमा सांभाळा, मग दुसऱ्यांच्या सीमेसाठी पैसे मागा. डिसेंबरात त्यांनी मदतीचा प्रस्ताव रोखूनही दाखवला. त्याआधीच तडजोडीच्या बोलण्यांसाठी पक्षाने लँकफर्ड यांना पुढे केले होते. हे गृहस्थ राजकारणात येण्यापूर्वी बाप्टिस्ट पंथाचे मोठे युवक शिबिर चालवत. मवाळ बोलणे आणि कडक मते, अशी त्यांची ख्याती. समोर डेमोक्रॅट ख्रिस मर्फी आणि अपक्ष कर्स्टन सिनेमा. ४ फेब्रुवारीला ३७० पानांचा मसुदा बाहेर आला. एकूण खर्च सुमारे ११८ अब्ज डॉलर. त्यातले सुमारे २० अब्ज सीमेसाठी.

तरतुदी गुळमुळीत नव्हत्या. आठवडाभर दिवसाला सरासरी ५,००० जण सीमेवर आढळले, तर अधिकृत प्रवेश ठाण्यांबाहेरून घुसणाऱ्यांसाठी आश्रयाचे दार बंद. आश्रय मागणाऱ्याची पहिली चाळणी अधिक बारीक आणि निकाल वर्षानुवर्षांऐवजी सहा महिन्यांत. स्थानबद्धतेच्या खाटा ३४,००० वरून ५०,०००. सीमा गस्ती जवानांच्या संघटनेने मसुद्याला पाठिंबा दिला, आणि ही संघटना काही बायडेनभक्त नव्हती, २०२० मध्ये ती ट्रम्प यांच्या बाजूने उभी होती. शिवाय, कागदपत्रांविना राहणाऱ्या लाखो लोकांना नागरिकत्वाची वाट देण्याचा जो आग्रह डेमोक्रॅटांनी वर्षानुवर्षे धरला, त्याचा मसुद्यात मागमूस नव्हता. रिपब्लिकनांच्या पदरात मागितलेले बरेच काही, तेही जवळपास फुकटात, पडत होते. नेमकी तीच अडचण झाली.

कारण निवडणुकीचे वर्ष होते आणि डोनाल्ड ट्रम्प यांना सीमेचा प्रश्न सुटलेला नको होता, पेटलेला हवा होता. लास वेगासच्या सभेत त्यांनी सांगूनच टाकले की विधेयक पडल्याचा दोष खुशाल माझ्यावर टाका. प्रतिनिधीगृहाचे सभापती माइक जॉन्सन यांनी मसुदा आपल्या दारात येण्याआधीच मृत घोषित केला. सिनेटमधले रिपब्लिकनांचे नेते असलेल्या ज्या मिच मॅककॉनेल यांनी लँकफर्ड यांना बोलणीला बसवले, त्यांनीही ऐन वेळी ‘नाही’ म्हटले. एका लोकप्रिय भाष्यकाराने आपल्याला आधीच बजावले होते, असे लँकफर्ड यांनी सभागृहात सांगितले. निवडणुकीच्या वर्षात हा प्रश्न सोडवायला गेलात तर तुम्हाला संपवण्यासाठी हवे ते करीन, असा तो इशारा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

७ फेब्रुवारीला चर्चा सुरू करण्यासाठी ६० मते हवी होती. पडली ४९, विरोधात ५०. रिपब्लिकनांपैकी लँकफर्ड यांच्यासह अवघ्या चौघांनी ‘हो’ म्हटले. ‘नाही’चा रकाना त्याहून वाचनीय आहे. विधेयक फारच मवाळ म्हणणारे टेड क्रूझ त्यात आहेत आणि अगदी वेगळ्या कारणांनी विरोधात गेलेले बर्नी सँडर्स व एलिझाबेथ वॉरनही आहेत. विधेयक मतास आणणारे सिनेटमधले बहुमताचे नेते चक शूमर यांचेही नाव तिथेच आहे, कारण फेटाळला गेलेला प्रस्ताव पुन्हा आणण्याचा हक्क जिंकलेल्या बाजूने मत देणाऱ्यालाच असतो, म्हणून त्यांनी शेवटी आपले मत फिरवले. म्हणजे एका ‘नाही’चे किमान तीन अर्थ. निवडणुकीत मतदाराच्या दारात पोहोचणाऱ्या पत्रकावर मात्र त्यांतला सोयीचा तेवढा एकच छापला जातो.

मे महिन्यात पुढचा अंक झाला. युक्रेनची मदत एप्रिलमध्येच स्वतंत्रपणे मंजूर झाली होती. आता शूमर यांनी सीमेचा भाग तेवढा वेगळा करून पुन्हा मतास टाकला. तो पडणार हे सर्वांना ठाऊक होते. पडावा आणि मग त्याची जाहिरात करता यावी, यासाठीच तो आणला होता. निकाल ४३ विरुद्ध ५०. या वेळी लँकफर्ड आणि सिनेमा हे दोन रचनाकार विरोधात गेले. हे आता विधेयक राहिले नाही, प्रचाराचे नेपथ्य झाले आहे, असा लँकफर्ड यांचा खुलासा होता, आणि तो खोटा म्हणता येणार नाही. फेब्रुवारीत रिपब्लिकनांना कायदा नको होता, मेमध्ये डेमोक्रॅटांना त्याची गरज उरली नव्हती. लँकफर्ड दोन्ही वेळा बरोबर होते आणि दोन्ही वेळा निरुपयोगी.

ही परंपरा त्यांच्यापासून सुरू झालेली नाही. २००६ मध्ये सीमेवर शेकडो मैलांचे कुंपण घालण्याचा कायदा सिनेटने ८० विरुद्ध १९ मतांनी मंजूर केला, तेव्हा ‘हो’ म्हणणाऱ्यांत बराक ओबामा, हिलरी क्लिंटन आणि जो बायडेन होते. दहा वर्षांनी भिंतीची थट्टा करताना त्या मताची आठवण काढायला कोणी उत्सुक नव्हते. २०१३ मध्ये व्यापक सुधारणेचे विधेयक सिनेटमध्ये ६८ मतांनी पार पडले, प्रतिनिधीगृहाने ते मतदानालाच घेतले नाही. त्याच्या आठ शिल्पकारांपैकी एक मार्को रुबिओ. २०१६ च्या अध्यक्षीय शर्यतीत त्यांना त्या ‘हो’चा खुलासा करत फिरावे लागले. आज ते ट्रम्प यांचे परराष्ट्रमंत्री आहेत.

या गदारोळात लँकफर्ड यांच्या मसुद्यातली काही पाने न वाचताच गेली. एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांच्या ठरावीक गटातील जोडीदारांना आपोआप कामाची परवानगी, वयाची एकवीस वर्षे पूर्ण होताच आईवडिलांच्या व्हिसाची सावली गमावणाऱ्या त्यांच्या मुलांना संरक्षण आणि पाच वर्षे दरवर्षी ५०,००० जादा स्थलांतर व्हिसा, अशा तरतुदी त्यात होत्या. पुण्या-नाशिकहून न्यू जर्सी किंवा टेक्सासला गेलेल्या, ग्रीन कार्डाच्या रांगेत दशक काढलेल्या कुटुंबांचे प्रश्न हेच. बेकायदा घुसखोरीच्या नावाने चाललेल्या भांडणात कायद्याने आलेल्यांचा हा दिलासाही वाहून गेला. ओक्लाहोमात त्याबद्दल कोणी जाब विचारला नाही आणि विचारणारही नाही, या मंडळींना मत कुठे आहे?

पुढे ट्रम्प जिंकले. जानेवारी २०२५ मध्ये चोरीसारख्या गुन्ह्याचा केवळ आरोप असलेल्या बेकायदा रहिवाशांनाही सक्तीने स्थानबद्ध करणारा लेकन रायली कायदा ६४ विरुद्ध ३५ मतांनी सिनेटमध्ये मंजूर झाला. पराभवाने शहाणे झालेले बारा डेमोक्रॅटही त्यात होते. जुलैत मंजूर झालेल्या ट्रम्प यांच्या कर-खर्चाच्या महाविधेयकाने भिंतीसाठी सुमारे ४६ आणि स्थानबद्धतेसाठी ४५ अब्ज डॉलर दिले. लँकफर्ड यांचे मत ‘हो’. पैसा आला, पण आश्रयाचा निकाल सहा महिन्यांत लावणारी ती नवी पद्धत आली नाही. नियम अध्यक्षांच्या फर्मानांवर चालू आहेत, आणि फर्मान पुढचा अध्यक्ष एका सहीने फिरवू शकतो. अशाच एका फर्मानाने सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लादले. त्यावर सिनेटमध्ये मतदानाची गरजच पडली नाही.

लँकफर्ड यांची जागा २०२८ मध्ये पुन्हा निवडणुकीला येईल. एका ‘नाही’च्या दोन्ही बाजूंना दोन ‘हो’ त्यांच्या नावावर जमा आहेत. पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी पहिला ‘हो’ उचलेल, डेमोक्रॅट मधला ‘नाही’. पण त्या तिन्हींत कायदा बदलण्यासाठी, नुकसान होणार हे दिसत असताना दिलेले मत एकच होते. अमेरिकी राजकारणाने त्यांना शिक्षा केली ती नेमकी त्या एकासाठी. बाकीच्या सिनेटरांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला आहे. सीमेचे भिजत घोंगडे पिळायला जाणारा दुसरा लँकफर्ड नजीकच्या काळात सापडणे कठीण.