राक्षसाचा चेहरा शोधताना

‘मानवत मर्डर्स’ ही मालिका ४ ऑक्टोबर २०२४ पासून सोनी लिव्हवर दिसणार, अशी जाहिरात झाली, तेव्हा धरणगावातील आमच्या वाचनालयाच्या कट्ट्यावर कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. परभणी जिल्ह्यातील मानवत आमच्यापासून दूर. पण त्या गावाच्या नावाने खानदेशातल्या आयांनीही मुलांना धाक घातला आहे. दिवेलागणीच्या आत घरी या, असे सांगताना त्या मानवतची आठवण करून देत आणि आम्ही निमूटपणे उंबरठ्याच्या आत येत असू. लहानपणी केवळ कुजबुजीतून ऐकलेले ते भय आता पडद्यावर उलगडणार, याचे कुतूहल आमच्या पिढीला होते, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

मालिका आली, आठ भाग पाहून झाले आणि प्रतिक्रियांचे दोन तट पडले. ज्येष्ठांचे म्हणणे असे की, असले अघोरी प्रकार घरातल्या पडद्यावर हवेतच कशाला? तरुणांची तक्रार अगदी उलट होती. अभियांत्रिकीत शिकणारा माझा पुतण्या म्हणाला, “काका, सगळे ठीक, पण यात प्रोफायलिंग कुठे आहे? खुन्याच्या मनात शिरणे कुठे आहे? नुसती चौकशी आणि कागदपत्रे!” त्याने ‘माइंडहंटर’ ही अमेरिकन मालिका पाहिली होती. त्याच्या या तक्रारीतच आजच्या प्रेक्षकाच्या अपेक्षेचे मर्म आहे, म्हणून तिचा विचार करावासा वाटला.

प्रोफायलिंग म्हणजे काय? गुन्ह्याच्या खुणांवरून अज्ञात गुन्हेगाराचे वय, स्वभाव, सवयी, राहणी यांचे अनुमान करणे. अमेरिकेच्या एफबीआयमधील रॉबर्ट रेसलर आणि जॉन डग्लस यांनी ३६ खुन्यांच्या तुरुंगात मुलाखती घेऊन या अभ्यासाला शिस्त दिली. डग्लस यांच्या १९९५ च्या पुस्तकावरून २०१७ मध्ये ‘माइंडहंटर’ आली. या विद्येची सर्वांत गाजलेली कथा मात्र त्याआधीची आहे. न्यूयॉर्कमध्ये १९४० पासून अधूनमधून बाँब ठेवणाऱ्या अज्ञात माणसाचे वर्णन डॉ. जेम्स ब्रसेल या मनोविकारतज्ज्ञाने १९५६ साली केले आणि त्याच्या अंगात बटणे लावलेला डबल ब्रेस्टेड कोट असेल, इथपर्यंत सांगितले. तो कोट दंतकथा बनून राहिला. मात्र जॉर्ज मेटेस्की नावाचा तो माणूस सापडला, तो वीज कंपनीच्या कचेरीतील एका महिला कारकुनाने जुन्या तक्रारींच्या फायली चाळल्या म्हणून! दंतकथेत कोट उरला, फायली विस्मृतीत गेल्या.

आपल्याकडचा अनुभवही वेगळा नाही. १९७२ ते १९७४ या काळात मानवतमध्ये स्त्रिया आणि कोवळ्या मुली यांचे लागोपाठ खून झाले. गुप्तधनाचा लोभ आणि अंधश्रद्धा यांची ती अभद्र युती होती, असे तपासात पुढे आले. ज्यांच्या पुस्तकावर ही मालिका आधारली आहे आणि ज्यांची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली आहे, ते रमाकांत कुलकर्णी मुंबईहून तेथे गेले आणि त्यांनी माणसे, तारखा, नातीगोती यांची जुळणी करत प्रकरण उभे केले. हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७७ च्या निकालात न्यायालयाने माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला स्वतंत्र पुराव्याचा आधार हवा, या तत्त्वाची कसून चर्चा केली. केवळ संशय, मग तो कितीही दाट असो, न्यायासनासमोर पुरत नाही.

याच कुलकर्णींच्या हाती १९६८ साली मुंबईतील रामन राघव प्रकरणाचा तपास होता. उपनगरांत पदपथावर आणि झोपड्यांत झोपलेल्या गरिबांची डोकी फोडणाऱ्या या माणसाने पुढे चाळीसहून अधिक खुनांची कबुली दिली. तो सापडला कसा? पोलीस उपनिरीक्षक ॲलेक्स फियाल्हो यांनी २७ ऑगस्ट १९६८ रोजी रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसाला जवळच्या छायाचित्रावरून ओळखले आणि त्याच्या बोटांचे ठसे जुन्या नोंदीशी जुळले. त्याच्या मनाचा अभ्यास झाला तो अटकेनंतर. उच्च न्यायालयाने मनोविकारतज्ज्ञांची समिती नेमली आणि असाध्य मनोरुग्ण म्हणून १९८७ साली त्याची फाशी जन्मठेपेत बदलण्यात आली.

आता मुख्य प्रश्न. मनात शिरण्याची ही विद्या आपल्या घराघरांत कशी पोहोचते आहे? प्रशिक्षित अधिकाऱ्याच्या हाती ते एक साधन असते, पुराव्याच्या अधीन असलेले. प्रेक्षकाच्या मनात मात्र त्यातून एक चेहरा तयार होतो. परका, गबाळा, भटका, भेदक डोळ्यांचा. ‘असा दिसला की तोच!’ महाराष्ट्राचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. १९७६-७७ मध्ये जोशी आणि अभ्यंकर कुटुंबांसह दहा जणांचे बळी घेऊन पुण्याला दारे लावून बसायला लावणारे चौघे कोण होते? चित्रकला महाविद्यालयाचे विद्यार्थी, आपल्यातलेच वाटणारे. १९९६ साली पकडल्या गेलेल्या गावित बहिणी आणि त्यांची आई मुले पळवत, चोरी करताना ती मुले पुढे करत आणि मग त्यांना मारून टाकत. कडेवर मूल घेतलेल्या बाईवर आपल्याकडे कोण संशय घेणार? वाई तालुक्यातील धोम येथे २०१६ साली ज्याला अटक झाली आणि ज्याच्यावर सहा खुनांचा आरोप ठेवण्यात आला, त्या संतोष पोळला गावकरी ‘डॉक्टर’ म्हणत. बेपत्ता झालेल्या अंगणवाडी सेविकेच्या घरच्यांनी पाठपुरावा सोडला नाही, म्हणून ते प्रकरण उजेडात आले.

याच प्रकरणाशी साम्य असलेली ‘देवमाणूस’ ही मालिका झी मराठीवर ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली. सुरुवातीला तिने एक मोलाची गोष्ट सांगितली होती : क्रौर्य विश्वासाचा मुखवटा घालून येते. पुढे मात्र सरू आजीच्या म्हणी आणि टोण्याच्या खोड्या यांच्या जोडीने तो खुनीच घराघरांतला लाडका ‘डॉक्टर’ झाला. मालिकेचे पुढचे भागही निघाले. बळी गेलेल्या स्त्रियांची नावे किती प्रेक्षकांना आठवतात? खलनायकाला नायकाचे सिंहासन मिळाले की प्रेक्षकाची सहानुभूती आपली जागा चुकते. ‘मानवत मर्डर्स’ने निदान तपासाला केंद्रस्थानी ठेवले, हे तिचे श्रेय मानले पाहिजे. पुतण्याला जे उणे वाटले, तेच मला तिचे बळ वाटते.

हा वाद केवळ अभिरुचीचा असता, तर इतके लिहिले नसते. पण आपल्या खानदेशाने या चेहऱ्याच्या शोधाची किंमत रक्ताने मोजली आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे बाजाराचा दिवस होता. मंगळवेढा परिसरातून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने घेरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. त्या काळात व्हॉट्सॲपवर मुले पळवल्याची एक चित्रफीत देशभर फिरत होती. ती होती कराचीतील एका जनजागृतीपर चित्रफितीचा तुकडा. अभिनयच तो! त्यातला शेवटचा संदेश कापला गेला आणि एका नाटकाचे भय खरे मानून ठिकठिकाणी माणसे मारली गेली. राईनपाड्याच्या खटल्यात धुळ्याच्या न्यायालयाने २०२४ साली सात जणांना जन्मठेप सुनावली. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांचा जीव जमावाने घेतला, तेव्हाही आधी अफवाच पसरली होती. त्या भगव्या वस्त्रांसाठी हळहळणाऱ्या आपण सर्वांनी राईनपाड्याच्या झोळीसाठीही तितकेच हळहळले पाहिजे. तीही याच मातीतील भिक्षेची आणि नाथपरंपरेची खूण होती.

माणसाच्या जन्मावरून गुन्हेगार ओळखण्याची ही रीत आपल्या प्रशासनात रुजवली इंग्रजांनी. १८७१ च्या कायद्याने त्यांनी जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का कायद्याच्या पुस्तकातून १९५२ साली पुसला गेला. समाजाच्या मनातून अजून पुसलेला नाही. धरणगावाला तर याविषयी सांगण्यासारखे खूप आहे. खानदेशातील भिल्लांना लुटारू ठरवून इंग्रजांनी वर्षानुवर्षे त्यांच्यामागे फौजा लावल्या. १८२५ साली जेम्स ऊट्रमने त्याच भिल्लांची पलटण उभारली, तिचे ठाणे याच धरणगावात होते. ज्यांच्यापासून वाटा सांभाळायच्या, तेच वाटांचे रक्षक झाले. माणसे तीच होती. त्यांना मिळालेले काम आणि विश्वास तेवढा नवा होता. इंग्रजांचा हेतू अर्थातच आपले राज्य टिकवण्याचा होता, पण त्यांच्याच व्यवहाराने त्यांचा शिक्का खोटा ठरला. हेच काम आत्मीयतेने केले की काय घडते, हे पद्मश्री गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारधी मुलांच्या शिक्षणातून दाखवून दिले आहे.

मग अशा मालिका बंद कराव्यात काय? नाही. भयाकडे डोळे उघडून पाहणे हे प्रौढ समाजाचे लक्षण आहे. पण पाहताना घरातल्या मोठ्यांनी मुलांच्या शेजारी बसावे आणि दोन प्रश्न विचारावेत. या कथेत बळी कोण होते? आणि खरा पुरावा कोणी, किती कष्टाने गोळा केला? ज्या मालिकेत या दोहोंची उत्तरे सापडत नाहीत, ती खुशाल बंद करावी.

गेल्या महिन्यात सकाळीच आमच्या गल्लीत एक नाथपंथी गोसावी आला. शेजारच्या एका तरुणाने त्याला अडवून मोबाईल समोर धरला आणि छायाचित्र काढले. ते कोठे आणि कोणत्या मजकुरासह पाठवले जाणार, हे मी विचारले, तेव्हा तो वरमला. आम्ही त्या वृद्धाला ओट्यावर बसवले, पाणी दिले, नाव-गाव विचारले. त्याच्या गावचे दोन-चार लोक आमच्या ओळखीचे निघाले. संशय आलाच, तर ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे, मारहाणीचा आणि निवाड्याचा अधिकार आपला नाही, हेही त्या तरुणाशी बोलणे झाले. त्याने छायाचित्र आमच्यासमोर पुसून टाकले. बालकवींच्या या गावात दारी आलेल्या माणसाला आधी पाणी विचारण्याची रीत आहे. ती सोडून आपण चेहरे तपासू लागलो, तर उद्याचे राईनपाडे आपल्याच गल्लीत घडेल.