गोष्टीतून हरवलेला कामगार

मुलांच्या गोष्टीवर परदेशात निघालेला एखादा चित्रपट हा एरवी या पानाचा विषय झाला नसता. परंतु जी गोष्ट कापडापासून सुरू होते, कारखान्यातून पुढे जाते आणि नासलेल्या पाण्यापाशी येऊन थांबते, ती इचलकरंजीच्या माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. डॉ. स्यूस या टोपणनावाने लिहिणारे अमेरिकन लेखक थिओडोर गायझेल यांचे ‘लोरॅक्स’ हे पुस्तक १९७१ साली प्रसिद्ध झाले. १९७२ साली त्यावर दूरचित्रवाणीसाठी अर्ध्या तासाचा कार्टूनपट निघाला आणि २०१२ साली हॉलिवूडने पूर्ण लांबीचा, सहकुटुंब पाहावयाचा चित्रपट काढला. या चाळीस वर्षांत मूळ गोष्टीतून काय गळाले, याचा विचार कार्यकर्त्यांनी अवश्य करावा.

मूळ कथा साधी आहे. वन्सलर नावाचा एक उद्योजक रेशमी शेंड्यांच्या झाडांच्या रानात येतो, एक झाड तोडतो आणि त्या शेंड्यापासून एक वस्त्र विणतो. हे वस्त्र सदरा, मोजा, टोपी, गालिचा, पडदा अशा कशासाठीही वापरावे, असा त्याचा दावा असतो. झाडांच्या वतीने बोलणारा लोरॅक्स त्याला बजावतो की असली वस्तू कोणी घेणार नाही. पण ती तत्काळ विकली जाते. मग वन्सलर आपले नातेवाईक कामाला बोलावतो, कारखाना थाटतो, एका घावात चार झाडे पाडणारे यंत्र आणतो. धुराने पक्षी जातात, सांडपाण्याने मासे जातात. शेवटचे झाड पडते त्याच दिवशी कारखाना बंद होतो आणि नातेवाईक मोटारींत बसून निघून जातात. पुस्तकात वन्सलरचा चेहरा कोठेही दिसत नाही; दिसतात ते केवळ हात. हा दोष कोणा एका दुष्ट माणसाचा नसून सतत वाढत जाण्यावाचून ज्याला गत्यंतर नाही अशा उत्पादनपद्धतीचा आहे, हे एवढ्या एका युक्तीने लहान मुलालाही उमगते.

१९७२ च्या कार्टूनपटाची संहिता स्वतः गायझेल यांनीच लिहिली, आणि तीत त्यांनी एक मोलाची भर घातली. लोरॅक्स तक्रार घेऊन येतो तेव्हा वन्सलर त्याला उलट विचारतो की, मी कारखाना बंद करून हजारो कामगारांना घरी पाठवावे काय? देशाच्या दृष्टीने ते हिताचे ठरेल काय? यावर लोरॅक्स कबूल करतो की, मुद्दा रास्त आहे, पण उत्तर माझ्यापाशी नाही. मुलांच्या कार्यक्रमात इतका प्रामाणिक क्षण क्वचितच आढळतो. प्रश्न विचारणारा स्वार्थी आहे, तरी प्रश्न खोटा नाही, हे लेखकाने दडवले नाही.

२०१२ च्या चित्रपटात हा प्रश्नच उरलेला नाही. वन्सलरला तरुण, देखणा चेहरा मिळाला आणि त्याचा अपराध लोभी आईच्या व भावंडांच्या आग्रहावर ढकलला गेला. शिवाय बाटलीबंद हवा विकणारा एक खलनायक नव्याने घडवण्यात आला. पुस्तकाच्या अखेरीस उरलेले एकुलते बी एका मुलाच्या हाती पडते आणि पुढचे काम वाचकावर सोपवले जाते. चित्रपटात ते बी भर चौकात रुजते, खलनायकाचा पाडाव होतो, सारे गाव गाऊ लागते आणि प्रेक्षक निश्चिंत मनाने घरी जातो. चित्रपटाने जगभरातून तीस कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला. झाडांच्या वतीने बोलणारा तो लोरॅक्स याच सुमारास माझदा कंपनीच्या नव्या मोटारीच्या जाहिरातीत झळकला. ज्या कथेत नासाडी करून झाल्यावर माणसे मोटारींतून पळ काढतात, तिच्याच नायकाने मोटार विकावी, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

चित्रपट अमेरिकेत झळकला तो २०१२ च्या मार्चमध्ये. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ पसरली आणि अनेकांचे प्राण गेले. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग सुरू केला, त्यानंतर या गावाने हजारो कुटुंबांना भाकरी दिली. पंचगंगेची जी दशा झाली तिला एकटे इचलकरंजी जबाबदार नाही. कोल्हापूर शहराचे मैलापाणी व साखर कारखान्यांची मळीही तीतच उतरते. पण कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांच्या रंगीत पाण्याचा वाटा नाकारता येणार नाही. येथे वन्सलर कोण? सूत व्यापारी? प्रक्रिया कारखानदार? दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारा खर्चीवाला? की कापड आणखी स्वस्त मागणारी दूरची बाजारपेठ? चेहरा शोधू गेल्यास हातच हात दिसतात. मूळ पुस्तकाचे शहाणपण येथे प्रत्ययास येते.

आणि कामगार? प्रदूषणाच्या कारणावरून कारखाना बंद करण्याचा आदेश निघतो तेव्हा मालकाचा नफा थांबतो, पण मजुराची चूल थांबते. मागावर उत्पादनानुसार मजुरी घेणाऱ्यास, कांडी भरणाऱ्या बाईस, वहिफणी कामगारास बंद दिवसांचा एक पैसाही मिळत नाही. नदीचे पाणी प्यायचे तेही त्यांनीच. १९८९ साली कॅलिफोर्नियातील लेटनव्हिल या लाकूडतोडीवर जगणाऱ्या गावात हेच पुस्तक शाळेच्या सक्तीच्या वाचनातून काढावे, अशी मागणी झाली. ती मान्य झाली नाही, हे योग्यच झाले. परंतु आपली मुले आपल्याच बापाच्या धंद्याला पाप समजू लागतील, ही त्या गावाची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. झाड आणि मजूर यांना समोरासमोर उभे करून मालक बाजूला होतो, हा खेळ जुना आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, ही गोष्ट आपल्या मुलांना आपण आपल्या परीने सांगावी. त्यासाठी कोट्यवधींचे भांडवल लागत नाही. साने गुरुजींच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या सेवा दलाच्या कलापथकांनी रिकाम्या रंगमंचावर याहून अवघड विषय गावोगाव पोचवले. आपल्याच मागावरचे पांढरे कापड, मागे एक दिवा आणि पुठ्ठ्याच्या बाहुल्या एवढ्यावरही सावल्यांचा पडदा हलू लागेल. मात्र या रूपांतरात कारखानदाराला चेहरा देऊ नये, शेवट गोड करू नये, आणि १९७२ साली विचारून सोडून दिलेला प्रश्न पुन्हा विचारावा. त्याचे उत्तर लोरॅक्सपाशी नव्हते, पण कामगार चळवळीपाशी ते असले पाहिजे. सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च कापडाच्या किमतीत धरला जावा, कारखाना बंद राहील तितक्या दिवसांची मजुरी मालकाने व शासनाने द्यावी, आणि नदीवर देखरेख ठेवणाऱ्या समितीत कामगारांचा प्रतिनिधी बसावा. या मागण्या घेऊन जी संघटना उभी राहील, तिलाच नदीच्या वतीने बोलण्याचा अधिकार पोचतो.