ओटी भरून एकजूट होत नाही!

मार्च उजाडला की परदेशातल्या आपल्या मंडळांना महिला दिन आठवतो. हॉल मिळाला नाही म्हणून जानेवारीत राहून गेलेले हळदीकुंकू त्यालाच जोडले जाते. उखाणे होतात, पैठणीचे खेळ होतात आणि शेवटी आभार मानले जातात, "भगिनींनी जेवणाची बाजू समर्थपणे सांभाळली." याला आपण स्त्रियांची एकजूट म्हणतो! माझा याला सरळ विरोध आहे. एकत्र जेवल्याने ओळख होते. एकजूट होते ती एकत्र काम केल्याने.

एकटीचे काय होते हे पाहायला इंगोलश्टाटबाहेर जायला नको. मारीलुइझ फ्लायसर ही याच गावची नाटककार. १९२९ साली तिच्या नाटकाच्या बर्लिनमधल्या प्रयोगावरून गदारोळ उठला आणि तिचे स्वतःचे गावच तिच्यावर उलटले. आता शहर तिच्या नावाने साहित्य पुरस्कार देते. पण गरज होती तेव्हा गावातले कोण पाठीशी उभे राहिले?

आता दुसरे उदाहरण पाहा. इथून जवळच्या रेगेन्सबुर्गला माय आयिम शिकली. वडील घानाचे, आई जर्मन. १९८४ मध्ये अमेरिकन कवयित्री ऑड्री लॉर्ड बर्लिनला शिकवायला आल्या. देशभर विखुरलेल्या अशा मुलींना त्यांनी एकमेकींना शोधायला आणि स्वतःचा इतिहास लिहायला प्रवृत्त केले. १९८६ मध्ये आयिम, काथारीना ओगुन्टोये आणि डागमार शुल्त्स यांनी संपादित केलेले 'फार्बे बेकेनेन' प्रसिद्ध झाले. त्यात आयिमचा प्रबंध आहे, आफ्रिकन वंशाच्या जर्मन स्त्रियांची मनोगते आहेत, कविताही आहेत. अभ्यासक, कार्यकर्त्या आणि कवयित्री एकाच पुस्तकात!

"त्यांचा आपल्याशी काय संबंध?" असे कोणी विचारील. संबंध असा, की मराठीतही हेच घडले आहे. १९८३ मध्ये ज्योती म्हापसेकरांचे 'मुलगी झाली हो' आले आणि स्त्री मुक्ती संघटनेचा विचार नाटकातून गावोगाव पोचला. १९८९ मध्ये उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिले. 'सगळ्या बायका सारख्याच' असे म्हणून त्यांनी जात झाकली नाही. भेद मान्य करून उभी राहते तीच एकजूट खरी.

आपल्या हळदीकुंकवात विधवेला, घटस्फोटितेला मानाने बसवतो का आपण? मग कसली एकजूट?

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पुढच्या मार्चमध्ये ओटी आणि पैठणी बंद. इथल्या प्रत्येक मराठी स्त्रीची हकिगत नोंदवून ती याच स्मरणिकेत छापावी. नवऱ्याच्या नोकरीमागे आलेली, पदवी कपाटात ठेवून जर्मनच्या परीक्षा देणारी इंजिनिअर त्यात हवी, एकटीने मूल वाढवणारीही हवी. आणि गावातल्या आफ्रिकन स्त्रियांना बोलवावे, पण नाचगाण्याला नव्हे, बोलायला. परदेशी नागरिकांच्या कचेरीत त्या आणि आपण एकाच रांगेत उभ्या असतो. तिथे एकमेकींशी बोलायला काय हरकत आहे?

"मंडळ करमणुकीसाठी असते," असे उत्तर येईल. करमणूक जरूर करा. फक्त तिला महिला दिन म्हणू नका. आणि त्या दिवशीचा स्वयंपाक पुरुषवर्गाने करावा, आभार आम्ही मानू!