बंब येईपर्यंत

१४ एप्रिल हा राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन. त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती, त्यामुळे शाळेला सुट्टी असते आणि या दुसऱ्या दिवसाबद्दल असेंब्लीत फारसे बोलले जात नाही. १९४४ साली त्या तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज पेटले. त्याच्या पोटात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके होती. आग दुपारी दिसली. चार वाजून काही मिनिटांनी पहिला स्फोट झाला, पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात दुसरा. मधल्या वेळेत मुंबई अग्निशमन दलाचे जवान जहाजावर पाणी मारत उभे होते. त्या दिवशी दलाचे ६६ जण गेले. आपल्याकडे त्यांच्या शौर्याबद्दल बरेच लिहिले जाते. मला मात्र नेहमी दुसरीच गोष्ट खुपते. ज्या गोष्टीवर पाणी मारायचे आहे तिच्या पोटात काय आहे आणि ती किती वेळ देणार आहे, याचा हिशोब करायला त्या माणसांना वेळच मिळाला नाही.

मी या शाळेचा माजी विद्यार्थी. एसएसबीतून दोनदा परत आलो, मग नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात कोर्स केला आणि आता रायपूरजवळच्या उरला औद्योगिक क्षेत्रात एका कारखान्यात सेफ्टीचे काम पाहतो. मराठी पानासाठी काही लिही, असे सरांनी सांगितले तेव्हा ठरवले की आपल्या धंद्याविषयीच लिहायचे. एक मत मांडतो, पटले नाही तर पुढच्या अंकात उत्तर द्या.

मत असे की उरल्यासारख्या ठिकाणी आणखी चार बंब घेतल्याने प्रश्न सुटणार नाही. बंब येईपर्यंतच्या दहा-पंधरा मिनिटांत जी माणसे जागेवर असतात, ती रीतसर अग्निशामक झाली पाहिजेत. आणि बंब पोचेल तेव्हा त्याला आत काय आहे हे फाटकावरच कळले पाहिजे.

उरला कसे आहे ते सांगतो. एकीकडे बीरगाव, पलीकडे सिलतरा. रोलिंग मिल, इंडक्शन फर्नेस, स्पंज आयर्न, मध्येच प्लास्टिकचा कारखाना, मध्येच रंगाचा, मध्येच गोदाम. रस्त्याच्या दोन्ही कडांना ट्रेलर उभे. पाळी सुटायच्या वेळी सायकली आणि मोटारसायकलींचा असा लोंढा निघतो की सायरन वाजवत आलेल्या गाडीलाही वाट काढत यावे लागते. ड्रायव्हरचा त्यात दोष नाही.

आता आगीचे. आपण शाळेत शिकलो की आग म्हणजे पाणी. उरल्यात हे धड्यातले उत्तर माणसे मारू शकते. गरम स्पंज आयर्नवर पाणी पडले तर ते पुन्हा ऑक्सिजन ओढून घेते, आणखी तापते आणि हायड्रोजन वायू सोडते. फर्नेसमधल्या वितळलेल्या लोखंडाखाली पाणी सापडले तर त्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते. ती जागा ती करून घेते. म्हणून ओला स्क्रॅप, तोंड बंद असलेला डबा, जुना सिलिंडर या गोष्टी फर्नेसवाल्याला सापापेक्षा भयंकर वाटतात. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाला फोम लागतो. ५ एप्रिल २०२४ रोजी रायपूरच्या गुढियारी-कोटा परिसरात वीज वितरण कंपनीच्या भांडाराला आग लागली, तेव्हा सगळ्या शहराने ते पाहिले. ट्रान्सफॉर्मर एकामागून एक फुटत होते, काळा धूर लांबून दिसत होता आणि जवळच्या वस्तीतल्या लोकांना घरे सोडावी लागली होती.

आता थोडे ब्रिटनकडे बघू. तिथल्या अग्निशमन सेवेच्या बातम्या मी धंद्याची गरज म्हणून वाचतो. २००४ च्या कायद्यापासून तिचे नावच 'अग्निशमन आणि बचाव सेवा' आहे. घरांना आगी लागण्याचे प्रमाण तिथे पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाले, पण काम काही कमी झाले नाही. पूर, रस्त्यावरचे अपघात, दार तोडून आजारी म्हाताऱ्यांना बाहेर काढणे, सगळे त्यांच्याकडेच. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये तापमान पहिल्यांदा ४० अंशांच्या वर गेले, तेव्हा लंडन दलाने दुसऱ्या महायुद्धानंतरचा सर्वात धावपळीचा दिवस पाहिला. आपल्याला ४० अंश म्हणजे मार्चअखेर, पण त्यांच्याकडे त्या दिवशी गवत पेटून घरांच्या रांगा जळाल्या. विजेवर चालणाऱ्या सायकलींच्या लिथियम बॅटऱ्या ही तिथली नवी डोकेदुखी आहे. रायपूरच्या ई-रिक्षा पाहिल्या की ती आपल्याकडे कधी येणार हे विचारायची गरज उरत नाही.

त्यांच्याकडची मला सर्वात घेण्यासारखी वाटणारी गोष्ट मात्र जुनी आहे. इंग्लंडमधल्या अग्निशामकांपैकी सुमारे एक तृतीयांश पूर्णवेळ नोकर नसतात. कुणी गवंडी असतो, कुणी गॅरेज चालवतो, कुणी दुकानात काम करते. कमरेला पेजर असतो. तो वाजला की हातातले काम टाकून साधारण पाच मिनिटांत गावातल्या केंद्रावर पोचायचे आणि गाडी काढायची. त्यांना वर्षाचे ठरावीक मानधन मिळते, शिवाय प्रत्येक वर्दीचे आणि सरावाचे वेगळे पैसे. प्रशिक्षण पक्के असते. लहान गावे आणि खेडी मिळून देशाचा मोठा भाग याच माणसांच्या भरवशावर आहे.

आणि हीच व्यवस्था आता तिथे खिळखिळी होते आहे. सरकारी तपासणीचे अहवाल पुन्हा पुन्हा सांगतात की गाडी आहे, केंद्र आहे, पण दिवसा माणसे मिळत नाहीत. कारण साधे आहे. लोक राहतात एका गावात आणि नोकरीला जातात तीस-चाळीस किलोमीटरवर. पेजर वाजला तर पाच मिनिटांत पोचणार कसे? मालकही कामाच्या वेळेत माणूस सोडायला तयार नसतो.

हे वाचले तेव्हा मला थेट बीरगाव दिसले. ब्रिटनच्या खेड्यांनी जे गमावले ते आमच्या दाराशी आहे. इथला कामगार कारखान्याच्या भिंतीला लागून राहतो. तिन्ही पाळ्यांत कुणी ना कुणी कामावर असतो आणि उरलेले चालत येण्याच्या अंतरावर असतात. फर्नेस कशी वागते, कुठल्या शेडमध्ये तेलाचे पिंप आहे, कुठला व्हॉल्व्ह गंजून घट्ट बसला आहे, हे त्याला बाहेरून येणाऱ्या कुठल्याही अधिकाऱ्यापेक्षा जास्त कळते. आज आपण त्याला वर्षातून एकदा उन्हात उभे करून पत्र्याच्या ट्रेमधली डिझेलची आग विझवायला लावतो, फोटो काढतो आणि रजिस्टरवर सही घेतो. त्याऐवजी दर पाच-सात कारखान्यांत मिळून वीस-पंचवीस जणांची एक तुकडी करावी. तिला महिन्यातून दोनदा खरा सराव द्यावा आणि शासनाच्या अग्निशमन सेवेकडून परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यावे. महाराष्ट्रात एमआयडीसीची स्वतःची अग्निशमन केंद्रे आहेत, तळोजा-पाताळगंगेकडे कारखान्यांचे एकमेकांना मदत करणारे गटही आहेत, तेव्हा मी काही आकाशातले मागत नाही. छत्तीसगडमध्ये २०१८ च्या कायद्यानंतर ही सेवा गृह खात्याकडे आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची केंद्रीय योजनाही आली आहे. त्या पैशातून गाड्याच घेतल्या जाणार असतील तर माझी हरकत एवढीच की गाडी फोटोत चांगली दिसते, तुकडी दिसत नाही.

याला विरोध होईल आणि तो खोटा नाही. एका सरावानंतर फर्नेसवरच्या एका कामगाराने मला विचारले, "साहेब, आग लागली तर आम्ही पळायचं की विझवायची?" तो ठेकेदाराचा माणूस होता. त्याच्या प्रश्नात दुसरा प्रश्न दडलेला होता. विझवायला गेलो आणि मेलो, तर माझ्या घरच्यांना कोण विचारणार? ज्याचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर नाही त्याच्याकडून फुकटची बहादुरी मागायचा कुणालाही हक्क नाही. म्हणून मानधन, विमा आणि मृत्यू आल्यास कुटुंबाला पूर्णवेळ जवानाइतकीच भरपाई, हे आधी कागदावर आले पाहिजे. आले नाही तर तुकडी काढूच नये आणि त्याला सरळ सांगावे, बाबा, तू पळ.

शिवाय धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचे काम हेच कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पहिल्या गटात टाकले. ब्रिटनमधली त्यांची संघटना गेली काही वर्षे याच मुद्द्यावर लढते आहे. आगीवरून आल्यावर गणवेश बंदिस्त पिशवीत घालायचा, घरी न्यायचा नाही, आंघोळ केल्याशिवाय गाडीत बसायचे नाही. आपल्याकडे काजळीने माखलेला युनिफॉर्म अजून मर्दुमकीची खूण समजला जातो. तुकडी करायची तर प्रत्येकाला दोन जोड कपडे आणि ते धुण्याची सोय हा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा लागेल.

दुसरी गोष्ट फाटकाची. १४ जून २०१७ ला लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवर जळाला, ७२ माणसे गेली. त्यानंतर इंग्लंडने नियम केला आणि २३ जानेवारी २०२३ पासून तिथल्या प्रत्येक उंच निवासी इमारतीत एक कुलूपबंद पेटी ठेवणे सक्तीचे झाले. पेटीत मजल्यांचे नकाशे, पाण्याच्या जोडण्यांची जागा आणि जबाबदार माणसाचा फोन नंबर. अग्निशमन दल आले की पहिले काम पेटी उघडण्याचे. 'फोर्ट स्टिकिन'वर चढलेल्या माणसांना असे काही हातात मिळाले असते तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडे भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात कलम ४१-ब आले आणि धोकादायक कामाच्या कारखान्याने माहिती देणे बंधनकारक झाले. माहिती दिलीही जाते, पण ती फायलीत जाते. रात्री दोन वाजता बंब घेऊन आलेला माणूस फाईल कुठे शोधणार?

तिसरे काम लहान आहे आणि ते आजच होऊ शकते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना शेजारच्या गावांचे बंब मदतीला धावले, पण अनेक ठिकाणी त्यांच्या होजची कपलिंग एकमेकांना बसेनात. तेव्हा ब्रिटनमध्ये सोळाशेच्या आसपास वेगवेगळी दले होती. १९४१ च्या ऑगस्टमध्ये ती सगळी एकत्र करून राष्ट्रीय दल उभारले, सामान एकसारखे करायला घेतले. ज्यांना युद्धाचा इतिहास आवडतो त्यांनी हा भाग जरूर वाचावा, रणगाड्यांइतकाच रंजक आहे. उरल्यात कारखान्या-कारखान्यांनी आपापले होज, ब्रँच आणि हायड्रंटचे तोंड एकदा एकत्र आणून जोडून पाहावे. अर्ध्या दिवसाचे काम आहे. चहा-समोशाचा खर्च मी देतो.

आपल्या शाळेतून सैन्याकडे जाणाऱ्यांचा मला अभिमान आहे. पण वर्गातल्या साठांपैकी किती जण एनडीएत पोचतात ते तुम्ही मोजलेच असेल. उरलेल्यांनी गणवेश मनातून उतरवायची घाई करू नये. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची स्वतंत्र फायर शाखा आहे, नागपूरला पदवीपर्यंतचे शिक्षण आहे, राज्यांची आणि महापालिकांची दले आहेत. पहाटे पाचला उठणे, हुकूम एकदाच ऐकणे, शेजारच्याच्या पावलाकडे लक्ष ठेवणे, हे तुम्हाला आधीच येते. धुराने भरलेल्या खोलीत जोडीदाराचा हात न सोडता भिंतीच्या कडेने सरकताना त्याच सवयी कामाला येतात.

आमच्या कारखान्यात फाटकाच्या पेटीचे काम मी सुरू केले आहे. लोखंडी पेटी, लाल रंग, आत शेडचा नकाशा आणि कुठे पाणी मारायचे नाही त्याची यादी हिंदीत मोठ्या अक्षरांत. अडले आहे ते किल्लीवर. ब्रिटनमध्ये ती अग्निशमन दलाकडे असते. इथे ती गार्डकडे ठेवावी म्हटले तर ठेकेदार दर दोन महिन्यांनी गार्ड बदलतो. रायपूरच्या अग्निशमन कार्यालयाकडे एक किल्ली द्यावी असे पत्र तयार करून मालकांच्या सहीसाठी ठेवले आहे.